उरलेली नळी

६ फेब्रुवारी, दुपार

चिमणे,

आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्या नावाने कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय. वाचल्याशिवाय फाडू नकोस.

तुझ्या नव्या घरात पाहुण्यांदेखत मी फरशीवर पाणसळ ठेवून पातळी तपासायला नको होती, असं सगळे म्हणतात. मान्य. पण उतार होता. असो.

कामाचं सांगतो. प्रयोगशाळेत आता माझीच पद्धत चालते. दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाची! तुमच्या शिवणकारखान्यातल्या सगळ्यांचं रक्त काविळीच्या तपासणीला आमच्याकडे आलंय, हे तुला ठाऊक आहेच. एकेकाचं मशीनला लावत बसलं तर वेळही जातो आणि रसायनही. मी आठ जणांचे थेंब एकत्र करतो. मिश्रण स्वच्छ निघालं की आठही सुटले. दोष निघाला, तर त्यातल्या चौघांचं पुन्हा लावायचं. ते स्वच्छ, तर दोष उरलेल्या चौघांत. असं निम्मं निम्मं करत जायचं. बाकीचे सगळे सुटले की शेवटची नळी लावावीच लागत नाही, ती आपोआप ठरते.

आज एका गटात दोष निघाला. चार लावले, स्वच्छ. उरलेल्यांतले दोन लावले, स्वच्छ. दोन नळ्या राहिल्या. एरवी मी क्रमांक वाचतो, नावं नाही. आज वाचली. एक होती तुमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची.

मी त्यांची आधी लावली. चिमणे, मशीन चालू असताना मी मनात काय म्हणत होतो, ते लिहायला हात धजत नाही. त्या म्हाताऱ्याने माझं काय घोडं मारलंय? तरी म्हणत होतो, यांचीच असू दे, यांचीच असू दे.

ती स्वच्छ निघाली.

मग मी दुसरी लावली. आमच्या डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काका, ही कशाला? तुमच्याच हिशेबाने ठरली की ही!"

"हिशेब माझा, मोडायचा हक्कही माझाच."

त्या हसल्या. मग नळीवरचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोण तुमच्या?"

"धाकटी बहीण."

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

म्हटलं, मीच सांगतो.

आठांचं मिश्रण करताना माझ्या हातून काही सांडलं असेल. एखादा थेंब भलतीकडे गेला असेल. आजवर गेलेला नाही, पण आज गेलेला असावा. मी चुकलेला असावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय. हे लिहिता लिहिता तीनदा उठून मशीन बघून आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बघितल्याने लवकर होत नाही. बसा." बसलो, तर पाय हलायला लागला.

थांब, मशीन वाजलं.

चुकलो नाही.

तुला काही त्रास होत नसेल. ही कावीळ डोळे पिवळे करून सांगत नाही, वर्षानुवर्षं यकृतात दबा धरून बसते. पण आता सापडली आहे आणि गोळ्यांनी बरी होते. मी कुणाची खोटी समजूत काढत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मात्र पक्कं करायला ताजं रक्त लागतं, आणि त्याशिवाय औषध सुरू होत नाही. उद्या वहिनीबरोबर निघून ये. राग घरी ठेवून येऊ नकोस, हवा तर बरोबर आण. माझ्याशी बोलू नकोस. फक्त ये.

रक्तातून पसरते, म्हणून तुझ्या नवऱ्याला आणि पिल्लूलाही आण. तुम्हा तिघांचे थेंब मी एकत्र करणार नाही. प्रत्येकाचं वेगळं लावीन.

सुई मात्र डॉक्टरीणबाई टोचतील. माझा हात आज भरवशाचा नाही.

तुझा,
दादा