तीन नंबरची चकती

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, दुकानात चष्म्याच्या नव्या फ्रेमा आल्या का, आणि माझं नाव निघालं की ताई अजून भांडी आदळते का, हे सवडीनं कळवावं. इकडे मी ठणठणीत आहे, फक्त आवाज बसला आहे. (तुम्ही म्हणाल, देव आहे.)

लंबूनं फोनवर तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. "मामानं बुडवलं." दोनच शब्द! ज्याच्या मामानं दोन-दोन तास बोलून सभा जिंकल्या, त्या भाच्यानं एवढ्या थोडक्यात माझी वाट लावावी, याचं मला दुःख आहे आणि थोडा अभिमानही. पण दुसरी बाजू न ऐकता निकाल देणं हा अन्याय आहे, आणि अन्यायापुढे मी आजवर गप्प बसलेलो नाही.

ही स्पर्धा म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या शिडीची सर्वांत खालची पायरी. इथे खेळाडू रॅकेटची तार स्वतःच बांधतात, आणि प्रेक्षकांत नातेवाईक सोडले तर एक कुत्रं असतं, तेही सावलीपुरतं. पण पुरुष एकेरीची पहिली फेरी जिंकणाऱ्याला जागतिक क्रमवारीतला एक गुण मिळतो. तुम्ही लंबूला बजावलं होतं, तेविसावं सरायच्या आत एक गुण आण, नाहीतर काउंटरमागे उभा राहा. क्लबानं त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे मर्जीतला प्रवेश, दिला होता. शेवटची संधी होती. हे मी विसरलो नव्हतो, हे आधी लिहून ठेवतो.

सोडत काढायला त्यांनी मला बोलावलं. मी एकच अट घातली: चकत्यांवरचे आकडे आपल्या भाषेतले हवेत. ज्याला आपल्या आकड्यांची लाज वाटते, त्याचं वयसुद्धा दुसराच मोजतो! सेक्रेटरीनं मान डोलावली आणि पेंटरकडून चोवीस गोल चकत्या रंगवून आणल्या. आठ मानांकित खेळाडू आधीच तक्त्यावर लांब लांब बसवलेले असतात. उरलेल्या चोवीस जणांना यादीत क्रमांक असतो, आणि पिशवीतून ज्याची चकती निघेल तो पुढच्या रिकाम्या ओळीवर जातो. पहिल्या ओळीवर अव्वल मानांकित बसलेला. म्हणजे पहिली चकती ज्याची, तो थेट त्याच्या जबड्यात.

मी प्रस्तावनेला नुकता हात घातला होता (वीस मिनिटंच झाली होती) तोच पंचप्रमुख बाई म्हणाल्या, "साहेब, भाषण नंतर. आधी चकती." मी पिशवीत हात घातला, चकती उंच धरली आणि गरजलो, "तीन!" तीन नंबर म्हणजे आपला लंबू. शेवटच्या रांगेतून त्याचा आवाज आला, "मामा, एवढ्या ओळी रिकाम्या होत्या, तुला हीच सापडली?" लोक हसले. लोक लोकांना मामा बनवतात, भावोजी. मी जन्मानं मामा होतोच, त्या दिवशी कर्मानंही झालो. पुढची सोडत सुरळीत पार पडली. (मध्ये एकदा मला ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं. ते विशेष नाही.)

आता मला सांगा, यात माझा दोष काय? राजाला आणि रंकाला सारखं मोजणारी जगात एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे सोडत. पिशवीला नातं कळत नाही. मी आतमध्ये चाचपून भाच्याला सोपा प्रतिस्पर्धी दिला असता, तर तुम्हीच मला लबाड म्हणाला असता.

सामन्यात लंबू हरला हे तुम्हाला कळलंच आहे. पण तो कसा खेळला हे त्यानं सांगितलं नसणार. दोन्ही सेटमध्ये तो तीन-एक असा पुढे होता. पहिल्या सेटमध्ये तो सर्व्हिस करायला चेंडू वर फेकत असतानाच मी "शाब्बास!" म्हणालो, हे खरं. त्यानंतर पंचांनी मला दोनदा ताकीद दिली, हेही खरं. पण सामना संपल्यावर अव्वल मानांकित अर्धा तास पाठीखाली बर्फ घेऊन आडवा पडला होता. लंबू मात्र उभा होता. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ताईला नमस्कार.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. त्या ठसक्याबद्दल. पंधरावी चकती काढली, तर तीवरही तीन! गोल चकतीला वर-खाली नसतं, भावोजी. तीन उलटा धरला की सहा होतो. पेंटरनं सहाला शेपटीही दिली नव्हती. पहिली चकती खरी कोणती होती, हे मला माहीत नाही, कुणालाच नाही. तिथेच थांबून "चूक झाली, सोडत पुन्हा काढा" म्हणायला हवं होतं. पण मग माझे आकडे सगळ्या गावात हसण्यावारी गेले असते. मी पाणी प्यालो, चकती फिरवली आणि म्हणालो, "सहा." सहा नंबरवाल्याला गुडघ्याला पट्टी बांधलेला गडी मिळाला. तो पट्टीवाला चार गेममध्ये खेळ सोडून गेला. आयुष्यभर खरं बोला म्हणून ओरडलो, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडात पाणी होतं.

दुसरा ता. क. पंचप्रमुख बाईंना आज सकाळी हे सगळं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, आता सामने झाले, काही बदलता येणार नाही. तुम्हाला मात्र बदलता येईल. पोराला अजून एक स्पर्धा द्या. तोवर काउंटरमागे मी उभा राहतो. (गिऱ्हाइकांशी कमी बोलेन.) आणि डोळे तपासून घे, असं तुम्ही वीस वर्षं सांगताय, तेही तिथेच उरकू.

तिसरा ता. क. स्कोअर सांगायचा राहिला. दोन्ही सेट ३-६. तुमच्या-माझ्यातला छत्तीसचा आकडाच फलकावर दोनदा लागला होता. निकालाचा कागद मी उलटा धरून पाहिला, तरी छत्तीसच राहतो. नुसता कागद फिरवून भागत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी वळले, तरच समोरासमोर येतात आणि त्रेसष्ट होतं. मी वळलो आहे.