मोबाईल माझा होता

प्रिय दीपिका वहिनी,

वहिनी म्हणायचा हक्क आता राह्यला नाही, माहीत आहे मले. फारकतीले तीन वर्षं होऊन गेली. पण नुसतं दीपिका लिहून पाह्यलं तर वर्गातल्या कोण्या पोरीले लिहून राह्यली असं वाटलं, म्हणून तो कागद फाडला. तू आमच्या घरी आली तेव्हा मले मराठीत चार ओळी लिहिता येत नव्हत्या. आमची शाळा हिंदीची, अन् घरी बोलणं हे असं. तू आमगावची, मराठी शाळेतली. तूच दुपारी जुन्या वहीवर मले लिहायले शिकवलं. तुझं ते शुद्ध मराठी माझ्या हातून दोन ओळी टिकते, मग आपलं घरचं येते. चुका काढू नको. किंवा काढ, तुले त्यात मजा येते.

फोन काहून नाही केला म्हणशील. तुझा नंबर बंद लागते. लागला असता तरी तू उचलला नसता, अन् बरोबरच होतं ते. पण कागदावरच लिहायचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते. आधी एवढंच, की गेल्या मंगळवारी तुझ्या चौकशीले वारासिवनीहून दोन माणसं आमच्या घरी आली होती. तुझी सोयरीक चालू आहे हे मले तेव्हाच समजलं. घाबरू नको. काय झालं ते सगळं लिहिते, फक्त माझी सवय तुले माहीत आहे, मले सरळ मुद्द्यावर येताच येत नाही.

तर आपला 'दिलवाला बंगला'. यंदाचा सीझन पाह्यला का तू? नसशील तर नको पाहू. बाई गं, काय भंगार! तीच सहा पोरं, सहा पोरी, तोच बंगला, दोन महिन्यांत एक जोडी जमवायची. पण आपल्या सीझनले पोरी रडायच्या तर नाक लाल व्हायचं, यंदाच्या रडतात अन् काजळसुद्धा हलत नाही. एक पोट्टा तीन पोरींना एकच डायलॉग मारते, अन् तिघी पण नव्यानं लाजतात. दुसऱ्याच हप्त्यात जोड्या ठरून गेल्या. मग बाकी दीड महिना पाहायचं काय, स्विमिंग पूल? मी तरी पाहत राह्यली. एकटीनं पाहायची सवय नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी बाजूले पाहून काहीतरी बोलायची अन् मग आठवायचं.

आठवते तुले, भांडी झाली की आपण मागच्या खोलीत बसायचो? माझा मोबाईल मुरमुऱ्याच्या डब्याले टेकवलेला, एक इयरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. पाऊण तास, त्याच्यावर एक मिनिट नाही. बाबांची पाळी सुटायचा खाणीचा भोंगा झाला की मोबाईल उशीखाली अन् आपण दोघी तांदूळ निवडायले. आपली शर्त असायची, जिचा अंदाज चुकला तिनं संध्याकाळची भांडी घासायची. मी दोन वर्षं भांडी घासली, वहिनी. तू पहिल्याच दिवशी बोट ठेवायची की हा पोट्टा खोटा आहे, पाह्य, हसायच्या आधी कॅमेरा शोधते. अन् चौथ्या हप्त्यात तो खोटाच निघायचा. आई आतून विचारायची, पोरींनो एवढं काय हसून राह्यल्या? तू म्हणायची, काही नाही आई, मयुरीचं मराठी वाचून राह्यलो.

यंदा रजत नावाचा एक होता. सगळा सीझन त्याच्याच जिवावर चालला. शांत, आईवर जीव टाकणारा, अन् किंजल नावाच्या पोरीसोबत त्याची जोडी पक्की. सातव्या हप्त्यात घरच्यांना बोलावतात ना, तेव्हा त्याची लहान बहीण आली. गुलाबी ड्रेस, केस मोकळे. किंजलनं तिले बाजूले नेऊन विचारलं, की खरं सांग, बाहेर याचं कोणी आहे का? ती पोरगी अशी हसली, किंजलचा हात हातात घेतला अन् म्हणे, माझा भाऊ साफ आहे दीदी, मी बहीण आहे, मले माहीत नसते का? तीन दिवसांनी बाहेरच्या पोरीनं फोटो टाकले. चार वर्षांचे फोटो. एका फोटोत केक कापताना ती बहीण मधोमध उभी होती. रजतले काढलं, किंजल आपणहून निघून गेली, अन् उरलेले चार एपिसोड नुसते पाणी घालून वाढवले. मोबाईलवर लोक किंजललेच हसत होते, की एवढी कशी भोळी. बहिणीचं कोणीच काही बोललं नाही.

मी मोबाईल उलटा ठेवला. मले माझंच आठवलं. तुझ्या लग्नाआधी तुझी आत्या गोदाबाई भरवेलीले आली होती, तुले सांगतलंच असेल तिनं. शेजारीपाजारी विचारून झालं, मग मले नळावर गाठलं. घरातली पोरगी आहे, ही खोटं बोलणार नाही असं वाटलं असेल बिचारीले. म्हणे, बाई, पोट्ट्याचं कुठं काही आहे का? मी हसली. अशीच हसली, वहिनी, त्या गुलाबी ड्रेसवालीसारखी. म्हटलं, आत्याबाई, आमचा पवनदादा तर पोरींकडे पाहतसुद्धा नाही. गोदाबाईनं माझ्या गालाले हात लावला अन् माझ्या कानातल्या झुमक्यांची तारीफ केली. ते झुमके बैहरहून अंजूनं पाठवले होते. ती अन् दादा तेव्हा एकाच ऑफिसात होते, अन् दीड वर्षापासून मी तिच्याशी फोनवर बोलत होती. मले सगळं माहीत होतं. आईलेही माहीत होतं, पण ती म्हणे, जातीबाहेरची आहे, लग्न झालं की विसरते तो. मीही तेच मानलं. खरं सांगू तर मानलंही नाही, मले फक्त घरात वहिनी पाहिजे होती.

मग तू आली, अन् मले तू इतकी आवडली की सांगायची हिंमतच झाली नाही. दादा शनिवारी बैहरहून यायचा, रविवारी दुपारच्या जीपनं परत. तू म्हणायची, तिकडं काम जास्त असेल. बंगल्यातली बारा माणसं तू पहिल्या दिवशी ओळखायची अन् घरातला एक नवरा तुले दोन वर्षं दिसला नाही. मी बाजूलेच बसली होती, एका कानात तोच इयरफोन घालून. राग येते मले माझाच.

अन् ती बैठक. समाज भवनात अकरा माणसं सतरंजीवर बसली होती, तू खांबाजवळ मान खाली घालून. दादाले फारकत पाहिजे होती अन् दोष कोणाचा तरी दाखवायले पाहिजे होता. कागदावर लिहिलं, मुलगी दिवसभर मोबाईल पाहते, संसारात लक्ष देत नाही. वाचून दाखवलं अन् मले विचारलं, घरात तूच असते, खरं आहे का? मी म्हटलं, हौ. मग साक्षीदार म्हणून पूर्ण नाव लिहून सही केली. तू एकदाच मान वर करून माझ्याकडे पाह्यलं. तुझ्याकडे तर बटनाचा फोन होता, वहिनी! त्यात टॉर्चशिवाय पाहायले होतंच काय? एवढं एक वाक्य तू बोलली असती तर माझं तोंड काळं झालं असतं. त्या दिवसांत माझी सोयरीक चालू होती, माझं नाव येऊ नये म्हणून तू गप्प राह्यली, असंच मले वाटते. ती सोयरीक तशीही मोडली. अन् वर्षाभरात दादानं अंजूशी लग्न केलं. लोक समजतात ती नंतर भेटली.

आता मंगळवार. ज्याच्याशी तुझी सोयरीक चालू आहे त्या भोजराजची बहीण अन् मामा प्रेमलाल आले होते. आईनं पोहे केले, चहा ठेवला, अन् पाठ केल्यासारखं तेच सांगतलं, की पोरगी वाईट नव्हती हो, पण दिवसभर मोबाईल, घरात लक्षच नाही. ते दोघं एकमेकांकडे पाहून मान हलवून राह्यले. मले दिसलं की तुझं हे लग्नही इथंच, आमच्या पोह्यांच्या बशीत मोडून राह्यलं. मी दारात ट्रे घेऊन उभी होती. माझ्या तोंडून निघालं, मोबाईल माझा होता. मग थांबताच आलं नाही. नळावरची गोष्ट सांगतली, अंजूचं सांगतलं, झुमक्यांचं सांगतलं, बैठकीत मी कशी खोटं बोलली तेही. आई म्हणे, इच्याकडे लक्ष नका देऊ, ही जरा अशीच आहे डोक्यानं. भोजराजची बहीण मात्र चहा ठेवून माझ्याकडे पाहतच राह्यली. प्रेमलालनं खिशातून मोबाईल काढला, त्यात बैठकीच्या कागदाचा फोटो होता. बोट ठेवून म्हणे, मग ही सही कोणाची आहे बाई? मी म्हटलं, माझीच. तो म्हणे, आज तू हे बोलून राह्यली, उद्या पालटली तर आम्ही लोकांना काय सांगायचं?

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, ताट समोर सरकवते, बस. दादानं फोनवर जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, अन् बैहरले पाय ठेवायचा नाही असंही सांगतलं. लागलं मले, लहानपणापासून त्याच्या मागं मागं फिरली आहे मी. पण खरं सांगतल्याचा पस्तावा होऊन नाही राह्यला.  बाबांनी काल पाळीवरून येताना पोस्टातून एक कोरं पाकीट आणलं अन् माझ्या पुस्तकांवर ठेवून हातपाय धुवायले गेले.

भोजराज कसा आहे मले माहीत नाही, मी त्याले पाह्यलं नाही. म्हणून त्याची शिफारस करून नाही राह्यली. या वेळी मान खाली घालून चहा देऊ नको. समोर बस, विचार, अन् तो हसायच्या आधी कुठं पाहते ते पाह्य. तुझा अंदाज चुकत नाही, तुले चुकीचं सांगणारी मी होती. पसंत आला नाही तर खुशाल नाही म्हण. पण पसंत आला, अन् प्रेमलालनं पुन्हा तो फोटो समोर धरला, तर हे पत्र त्याच्या हातात दे. याच्यासाठीच फोन नाही केला. बोललेलं मी उद्या नाकारू शकते, हे नाकारता येणार नाही. याची झेरॉक्स मी समाज भवनातही देऊन राह्यली, त्या कागदाले जोडून ठेवा म्हणून. मले माफ करायचं की नाही ते तुझं तू पाह्य, त्याची शर्त नाही या पत्राले. तुझा पत्ता त्याच कागदावरून उतरवला, अन् खाली नावही त्या दिवशी लिहिलं होतं तसंच पूर्ण लिहिते, म्हणजे दोन्ही सह्या जुळवून पाहता येतील.

तुझीच,
मयुरी वसंता फुंडे
भरवेली, जिल्हा बालाघाट