परत आणलेलं प्रथमफळ

प्रिय मकेरिताताई,

सरकारी माणूस फेतुआओच्या अभ्यासासाठी इंटरनेटचा डबा देऊन गेला, त्या सकाळी मी काय केलं ते तुला फोनवर कधी सांगितलं नाही. डबा मी उघडलासुद्धा नाही. आंघोळ केली, धुतलेली लावालावा नेसलो आणि तो जसाच्या तसा पाळकांच्या घरी नेऊन ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. पहिला मासा, तारोचा पहिला कंद देवाच्या सेवकाकडे जातो. आपल्या बापाने जन्मभर हेच केलं. मग एवढी मोलाची वस्तू आपल्याकडे कशी ठेवून घ्यायची? शिवाय त्यांच्या घराला भिंती आहेत, कुलूप आहे. आपल्याकडे नुसते खांब आणि छप्पर. पाळक म्हणाले, "पोरीला रोज पाठव, एलिसारा. हे घर तिचंच आहे."

इथल्या शाळेत रसायनशास्त्राला मास्तर नाही. ते धडे राजधानीतून, आपियाहून, इंटरनेटवर होतात, आणि लेकीची शिष्यवृत्ती त्या एका विषयावर अडली आहे. घरी इंटरनेट नसलेल्या मुलांचा खर्च सरकारने उचलला तो यासाठीच. फेतुआओ पाळकांकडे जाऊ लागली. पण पाळकांच्या घरात गेलेली आपली मुलगी वही उघडून कशी बसेल? "आलीस का बाळ? जरा कोको ढवळ." "पाहुणे जेवतायत, जरा माशा वार." पाळकबाईंच्या मनात वाईट काही नसतं. त्यांची मुलं सिनेमे बघतात आणि आठवड्याचं इंटरनेट बुधवारीच संपतं. एकदा मी विचारलं, आज काय शिकलीस? म्हणाली, "पाळकांना कोकोत साखर किती लागते ते." मी हसलो. ती हसली नाही.

मग आपियाच्या कार्यालयातल्या एका मुलीचा फोन आला. डबा विद्यार्थिनीच्या घरी नाही, महिनाअखेर तसाच आढळला तर जोडणी बंद. मी त्या मुलीला समजावत बसलो की आमच्या गावात पोरं कुठल्याही घरात जेवतात, कुठेही निजतात. ती म्हणाली, "काका, तुमच्या घराला दार तरी आहे ना?" म्हटलं, दार लावायला आधी भिंत लागते, बाई. ती हसली, आणि मग विचारलं, "बरं, गावातल्या कुठल्या घरात ती अभ्यास करते?" ताई, फोन ठेवला तेव्हा संताप त्या मुलीचाच आला होता. नियम मूर्खपणाचा वाटत होता, आणि अडचण ही की तो खरं बोलत होता: अभ्यास कुठल्याच घरात होत नव्हता.

डबा मागायला मी पुन्हा पुन्हा गेलो. दर वेळी पाळक माझ्या गुडघ्याची चौकशी करत, आपल्या घरासाठी प्रार्थना करत, आणि मी कोको पिऊन परत येई. मीही प्रार्थना केली, की देवा, तूच त्यांच्या मनात घाल. त्याने काही घातलं नाही. शेवटी तुझी भावजय लोसा चिडली. म्हणाली, "देवाला इंटरनेट लागत नाही. तुमच्या लेकीला लागतं. तुम्ही नक्की कुणाला घाबरता?"

परवा रविवारी उपासनेनंतर नेहमीप्रमाणे झावळ्यांच्या पाटीत तारो आणि मासे घेऊन पाळकांकडे गेलो. अन्न ठेवलं आणि उभ्याउभ्याच डबा मागितला. त्यांनी विचारलं, "दिलेलं परत नेतोस?" मी म्हणालो, "हो पाळकसाहेब. मी दिलं ते माझं नव्हतं, पोरीचं होतं." त्यांनी स्वतः वायर काढली आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो रिकाम्या पाटीत ठेवला आणि मैदानातून घरी आलो. सगळं गाव आपापल्या उघड्या घरांत जेवायला बसलं होतं. सगळ्यांनी पाहिलं.

आज-उद्या ऑकलंडच्या मंडळीत तुझ्या कानावर येईल, की तुझ्या भावाने देवाच्या सेवकाकडून दान हिसकावून नेलं. आपल्यात बहिणीच्या शब्दापुढे भावाचा शब्द नाही, म्हणून तू काही ठरवण्याआधी हे माझ्याकडून ऐकावंस. माझं मंडळीतलं वडीलपण राहील की जाईल, ठाऊक नाही. डबा मधल्या खांबाला बांधला आहे. आणि आपल्या घराला भिंती नसल्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, पाळकांनासुद्धा, दिसतं की फेतुआओ अभ्यासाला बसली आहे.

तुझाच धाकटा,
एलिसारा