चार नंबरच्या मशीनची अट

मी, नरसिंहराव रामराव खटावकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू, धंदा पीण्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या क्लिपा बनवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तसाच दाखला पत्नी सरस्वतीबाईंकडे मागितला होता, तो मिळाला नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर सरस्वतीबाईंचं, त्यांच्या पश्चात चिरंजीव श्रीरंगचं. माझा पलंग त्यांनी आता खुशाल खिडकीखाली हलवावा. लग्न झाल्यापासून त्यांच्या मनात तो तिथंच आहे.

२. भाचा मोहनकुमार यानं सहा वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ नेलेलं, पत्र्याची जाडी मोजायचं व्हर्नियर त्यालाच देत आहे. निदान माझ्या फोटोसमोरून तरी त्यानं मान वर करून जावं.

३. मेहुणे अनिलकुमार हेब्बाळच्या कंपन्यांत माणसं कशी सांभाळावीत यावर शिबिरं घेतात. कारखान्यातलं डुगडुगतं स्टूल त्यांना द्यावं. त्यावर बसून बोललं की भाषण लवकर आटपतं. खाली लिहिलेली हकिगत त्यांनी स्वतःची म्हणून सांगितल्याचं माझ्या कानावर आलं आहे.

४. कारखाना. वकील वाणीबाईंनी इथं दोन ओळींत काम भागवलं होतं. पण इथं अकरा घरांची चूल पेटते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी स्टॉपवॉचवाला माणूस. गळ्यात ते अडकवून मशीनमागं उभा राहायचो. चार नंबरवर कावेरी, निपाणीकडची, हात चांगला, पण तासाचा आकडा कायम मागे. नऊ वर्षं मी तिला बोललो. एकदा सगळ्यांदेखत फारच बोललो. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, “अण्णा, स्वल्प, जरा तुम्हीच बसा. घड्याळ माझ्याकडे द्या.”

बसलो. कच्च्या मालाची पेटी उजव्या हाताला, भराभर पत्रा घातला, दांडा ओढला, आकडा सहज गाठला. छाती काढून तिच्याकडे बघितलं.

“सरी, बरं. आता डाव्या हातानं करा.”

तिसऱ्या पत्र्याला माझी कंबर धरली. कावेरी डावखुरी. उजवीकडची पेटी गाठायला ती नऊ वर्षं प्रत्येक क्लिपेला अंग पिळत होती. झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं, कारण मी घड्याळाकडे बघत होतो. पेटी डावीकडे बसवायला अर्धा तास लागला. आठवड्यात चार नंबर सगळ्यांच्या पुढे गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाजच जास्त वाटली.

आता वारस. श्रीरंग लोण्याहून मऊ. एकाच दिवशी सहा जणांना रजा दिली, माल रखडला, जुनं गिऱ्हाईक गेलं. कन्या पवित्रा घड्याळाच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. तिनं स्वयंचलित मशीन आणायचं म्हटल्यावर चार माणसं घरी बसणार, या धास्तीनं मी कारखाना श्रीरंगच्या नावे केला होता. रागात लिहिलेलं आधीचं मृत्युपत्र ते हेच.

गेल्या महिन्यात पवित्रा नव्या मशीनचा नकाशा घेऊन कारखान्यात आली. मला वाटलं, आता माणसं मोजणार. ती कावेरीजवळ गेली आणि म्हणाली, “अक्का, नव्या मशीनची बटणं कुठल्या बाजूला बसवू?”

मला नऊ वर्षं लागली ते पोरीनं मशीन यायच्या आधी विचारलं. चौघांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, अक्का आणि बाकीचे तिघं नवं मशीन शिकेपर्यंत जुनं जागचं हलणार नाही. त्या दुपारी मी आनंदानं दोनदा जेवलो.

सबब कारखाना पवित्राच्या नावे. रजा देण्याचा अधिकार श्रीरंगचा, पण मालाची तारीख बहिणीला विचारून. आणि दोघांवर एक अट: कुणाला काढायचं किंवा कुणाचा आकडा वाढवायचा असेल, तर आधी त्या माणसाच्या जागी एक पूर्ण दिवस काम करावं. घड्याळ त्या माणसाच्या हातात राहील.

५. ते स्टॉपवॉच कावेरीला द्यायचं होतं. पण मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वाणीबाई म्हणाल्या. कावेरीला विचारलं, घड्याळ हवं की सही? ती म्हणाली, सही करते, घड्याळ आत्ताच द्या की. दिलं. मागाहून कुणी कपाटात शोधू नये.

ठिकाण: पीण्या, बेंगळुरू. दिनांक ३ नोव्हेंबर २०२५.

सही: नरसिंहराव रामराव खटावकर

आम्हां दोघांच्या समक्ष सही झाली:
१. आप्पाजी, किराणा दुकानदार, राजाजीनगर
२. कावेरी शिवकुमार, मशीन नंबर चार

ता. क. माझ्या सहीला एकोणीस सेकंद लागले, हे कावेरीनं इथं लिहायला लावलं. मग तिनं कागद डावीकडे ओढून घेतला आणि आपली सही डाव्या हातानं, अगदी सावकाश केली. या वेळी मी घड्याळाकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होतो.