बारा यार्डांवर दोन टाळ्या

ड्युलुथ, मिनेसोटा
मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय मिस अर्लीन,

तुमचं पेकनचं पार्सल शुक्रवारी मिळालं. दरवर्षीप्रमाणे निम्मे पेकन खोकं उघडता उघडताच अक्रोडासारखे तोंडात टाकून संपवले. तुमचा गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढताना अजून कठडा धरावा लागतो का? आपल्या लुशियसच्या थडग्यावर नवा दगड बसवायचा म्हणत होतात, बसवला का? इकडे सरोवर अजून गोठलेलं नाही, त्यामुळे दुपार झाली की धुकं गावात शिरतं आणि आगंतुक पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुम्ही म्हणता तसा अजून हडकुळाच आहे.

बातमी तुम्ही टीव्हीवर ऐकली असेलच. मला बाकावर बसवलं. मोसमातले उरलेले चारही सामने माझ्या जागी चेंडू फेकायला दुसरा क्वार्टरबॅक असेल. पेपरवाले म्हणतात माझा खांदा गेला, कुणी म्हणतं डोळे गेले. दोन्ही शाबूत आहेत.

या मोसमात माझे सहा चेंडू समोरच्या संघाने हवेतच पळवले. आकडा काही फार मोठा नाही, याच्या दुप्पट इंटरसेप्शन देऊन लोक सुखाने निवृत्त झालेत. पण माझी सहाही एकाच जागी झाली. मैदानाच्या मधोमध, बारा यार्डांवर, जिथे आमचा एकही माणूस नव्हता. कोच ब्रूनिगला तेच सोसवेना.

इंटरसेप्शन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतले दिवे घालवून चित्रफीत लावतात आणि क्वार्टरबॅकला एकच प्रश्न विचारतात: काय दिसलं? का टाकलास, असं कुणी विचारत नाही. चेंडू हातात आल्यावर आम्हाला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात बघायचं, मोजायचं, ठरवायचं, टाकायचं. तेव्हा काय दिसलं ते खरं सांगितलं, तर चूक दुरुस्त करता येते.

पहिल्या वेळी मी म्हणालो, "डोळ्यांवर ऊन आलं."

"त्या मैदानाला छत होतं, राजा," ब्रूनिग म्हणाला. सगळे खो खो हसले.

चौथ्या वेळी कुणी हसलंच नाही.

पाचवा चेंडू ओमाहाच्या संघातल्या टिबोने घेतला. लुइझियानाचा आहे, तोंडाळ माणूस. सामना संपल्यावर हात मिळवायला आला. "आजोबा, आता चष्मा लावा. नाहीतर माझ्या नावाने पार्सलच करत जा." मग हेल्मेट काढून अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "एक सांग. तुमच्यात टाळ्या कोण वाजवतो?"

"कसल्या टाळ्या?"

"अरे, माझ्या पाठीमागे. दोन. मी मागे पळत होतो, टाळ्या ऐकू आल्या म्हणून थांबलो, वळलो, तर चेंडू थेट छातीवर. बाजूला बघतो तर कुणी नाही." तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. "असली थट्टा करू नका बुवा. माझी आजी असल्या गोष्टी मानायची."

मिस अर्लीन, त्या दोन टाळ्या कुणाच्या, हे तुम्हाला सांगायला नको. भूक लागली की तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लुशियस तशाच वाजवायचा आणि तुम्ही त्याच्यावर कालथा उगारायचात. मैदानावर माझा चेंडू झेलायला मोकळा झाला की माझ्यासाठी तशाच वाजवायचा.

कोचकडच्या चित्रफितीला आवाज नसतो. मी ती अकरा वेळा पाहिली. टिबो पळतो, थांबतो, वळतो. बाजूला नुसतं गवत आहे.

मला मात्र तो दिसला होता. सहाही वेळा. आपला त्र्याऐंशी नंबर, डावा मोजा घसरलेला, बारा यार्डांवर थांबून माझ्याकडे वळलेला, दोन्ही हात छातीपाशी धरून उभा. टाक म्हणून. मला भीती वाटते, मिस अर्लीन, पण त्याची नाही. तो रागावलेला दिसत नाही, याचीच भीती वाटते.

एवढं लिहून मी दोनदा उठून आलो. आता टाळत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो शेवटचा सामना. लुशियस आपल्याला डाव समजवायचा तसं तुमच्या टेबलावर मांडा. मिठाची बाटली मी. तिखट सॉसची बाटली लुशियस. लांब मागे मिरपुडीच्या दोन बरण्या, म्हणजे त्यांचे शेवटचे दोन राखणदार. डाव सुरू झाला की आम्ही दोघांनी मिरपुडीवर नजर ठेवायची. बरण्या दोन बाजूंना फाकल्या तर मधली वाट मोकळी. मग सॉस सरळ पळत सुटणार आणि मी लांब टाकणार. एक बरणी सरकून मधोमध आली तर वाट बंद. मग सॉस बारा यार्डांवर थांबून वळणार आणि मी तिथे टाकणार. एकमेकांशी बोलायला वेळ नसतो. दोघांनी एकच गोष्ट बघायची, सगळं त्यावरच चालतं.

त्या दिवशी बरणी मधोमध आली. लुशियस थांबला, वळला. त्याने टाळ्या वाजवल्या. मी चेंडू लांब टाकला, थेट मिरपुडीच्या हातात. सामना गेला, मोसम गेला.

आमच्या धंद्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. चूक कुणाचीही असो, बातमीदारांच्या माइकसमोर क्वार्टरबॅकने म्हणायचं, "चूक माझी." इतक्यांनी इतक्यांदा म्हटलंय की आता ते कुणीच खरं मानत नाही. म्हणणारा दिलदार ठरतो, एवढंच. मीही म्हणालो. मग एका बातमीदार बाईने विचारलं, "लुशियस जिथे जायला हवा होता तिथेच गेला होता का?" मी जरा थांबलो. हसलो. म्हणालो, "घरातलं घरात राहू द्या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या एका हसण्याने सगळ्या गावाला कळलं की चूक लुशियसची. मार्चमध्ये संघाने त्याला काढलं. "डोकं नसलेला" असा शिक्का बसला आणि लुशियस कुठल्याच संघाला नको झाला. मी एक फोन फिरवला असता तर शिक्का पुसला गेला असता. आज फिरवू, उद्या फिरवू करत राहिलो.

पुढच्या डिसेंबरात तो गाडी काढून मला भेटायला निघाला. वाटेतून त्याने फोन केला आणि निरोप ठेवला. तो माझ्याकडे अजून आहे. "हडकुळ्या, भांडायला येत नाहीये रे. एकदा तोंडावर सांग, त्या दिवशी तुला काय दिसलं? मग आईच्या हातची कोंबडी खायला दोघं मिळून जाऊ." आयोवातल्या पुलावर बर्फ होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो फोन वाजला तेव्हा माझ्या हातात होता आणि मी उचलला नाही, हे तुम्हाला माहीत नाही.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवत होते. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "खरं सांग बाळा, माझ्या लेकाची चूक होती का रे?"

मी म्हणालो, "नाही, मिस अर्लीन. चूक माझी होती."

तुम्ही माझ्या गालावर हात ठेवलात. "तुझ्या आईने तुला चांगलं वळण लावलंय."

तुमचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं. आणि मला हायसं वाटलं! जाऊन मी कोंबडीचे आणखी दोन तुकडे वाढून घेतले. त्या गोष्टीची मला इतकी लाज वाटते की बाकी सगळं तिच्यापुढे काहीच नाही.

परवाच्या सामन्यात धुकं मैदानावर उतरलं. शेवटची चार मिनिटं उरली होती, आम्ही पुढे होतो. डाव सुरू झाला आणि तो थांबला, वळला. या वेळी मी सगळं मोजलं. आमचा जिताजागता गडी उजव्या कडेला मोकळा होता, तोही दिसला. मिरपूड दिसली. तरी मी लुशियसकडे टाकला. चुकून नाही, ठरवून. तो चेंडू त्याचा होता, तीन वर्षं माझ्याकडे राहिला होता. टाळ्या मीही ऐकल्या. मग धुक्यातून त्यांचा एक जण धावत आला आणि चेंडू घेऊन गेला. सामनाही गेला.

काल सकाळी ब्रूनिगने विचारलं, "काय दिसलं?"

"लुशियस," मी म्हणालो.

ब्रूनिगने उठून दिवे लावले. ओरडला असता तर बरं झालं असतं. "घरी जा, एमेट," एवढंच म्हणाला.

मी आधी बातमीदारांच्या माइकसमोर गेलो. सगळं सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी लुशियस बरोबर होता, चूक माझी होती. आजच्या पेपरात छापून आलंय: गेलेल्या मित्रासाठी स्वतःवर दोष घेणारा दिलदार एमेट. हे शब्द आता इतके झिजलेत की मी छाती फोडून ओरडलो तरी खोटेच वाटतील. म्हणून हे पत्र.

लुशियसने विचारलं होतं, काय दिसलं. उत्तर तुम्हाला देतो. काही नाही. मी बघितलंच नाही. चेंडू हातात यायच्या आधीच ठरवलं होतं की लांब टाकायचा, पेपरात मोठा फोटो यावा असा. तुमच्या लेकाने बघितलं, मोजलं आणि जिथे थांबायचं तिथेच थांबला. मैदानावर त्या घटकेला डोकं असलेला तोच एक होता.

सोबत तीन वर्षांपूर्वीच्या त्या डावाचं छापील चित्र पाठवतोय, कोपऱ्यात तारीख आहे. तुमचा चष्मा लावून मिरपूड मोजा. मधोमध एक. मग बारा यार्डांवर बघा, तिथे तो आहे. क्षमा मागत नाही. एवढंच मागतो की हे शब्द एकदा, तुम्ही एकट्याने, खरे माना. पुढच्या वर्षी पेकन पाठवायचे की नाही, ते मग ठरवा.

हे मी मैदानावरच्या आमच्या खोलीत बसून लिहितोय. सामान न्यायला आलो होतो. दुपारचे तीन वाजलेत, खाली मैदान रिकामं आहे, धुकं आसनांपर्यंत चढलंय. बाकीचे सगळे पलीकडे बैठकीला गेलेत.

आत्ता खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दोन.

खिडकीपाशी जातो. या वेळी आधी बघतो.

चूक माझी.

तुमचा हडकुळा,
एमेट