केंब्रिजच्या पार्कला दीड स्टार

आई, तुला लिहायला बसायचं कारण अगदी फालतू आहे. मी एका पार्कला दीड स्टार दिले, आणि ते तुझ्यामुळे दिले.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. मी अजून विनिपेगमध्येच आहे, घर तेवढं बदललं. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला एका खेळाचं वेड लागलंय. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. चेंडूच्या जागी बशीएवढी प्लास्टिकची चकती आणि जमिनीतल्या भोकाच्या जागी खांबावर लटकवलेली साखळ्यांची बास्केट. सार्वजनिक पार्कात झाडाझुडपांमधून अशा अठरा बास्केट लावलेल्या असतात. आपल्या चकत्या घेऊन जायचं आणि कमीत कमी फेकींत एकेक बास्केट गाठायची. तिकीट नाही, मेंबरशिप नाही. ऑफिसातल्या बायकांनी मला एकदा ओढून नेलं आणि मी तिथेच रमले. इथला उन्हाळा मुळात चार महिन्यांचा, त्यातले सगळे शनिवार मी पार्कात काढते. तुझी नात सतरा वर्षांची झाली. ती मला "मॉम, यू आर ऑब्सेस्ड" म्हणते आणि गाडीची चावी मागते.

खेळून झालं की त्या कोर्सला ॲपवर पाचपैकी स्टार द्यायचे असतात आणि दोन ओळी लिहायच्या असतात. हे काम मी खेळापेक्षाही मन लावून करते. फेकायची जागा सपाट आहे का, पाट्या वाचता येतात का, साखळ्या गंजल्यात का, एका बास्केटकडून पुढच्या जागेकडे जाताना माणूस हरवतो का, वॉशरूम किती लांब आहे. तू मेथीची जुडी उलटसुलट करून बघायचीस आणि भाजीवाली घाबरायची, तशी मी कोर्स बघते. साडेतीनच्या वर सहसा जात नाही. कुणीतरी माझ्या शेऱ्याखाली लिहिलं होतं की ही बाई कडक आहे पण खोटं लिहीत नाही. ते वाक्य मी तुझ्या नातीला दोनदा वाचून दाखवलं. म्हणून तर त्या दीड स्टारचं मला इतकं लागलंय.

ऑगस्टच्या लाँग वीकेंडला मी केंब्रिजला, इकडच्या कॅनडातल्याच, तुझ्या धाकट्याकडे गेले होते. तो अजून त्याच गाड्यांच्या कारखान्यात आहे आणि अजून त्याच घरात, तू सहा महिने राहिली होतीस त्या. मी तिथे वर्षाआड जाते आणि दरवेळी तुझी सून मला तू कुठे कुठे होतीस ते दाखवते. या खुर्चीत आई वाचत बसायच्या. या डब्यात आईंनी डिंक ठेवला होता. ती प्रेमानं दाखवते, मला कळतं. पण माझीच आई मला कुणी गाईडसारखी दाखवावी हे मला सहन होत नाही. मी हसते, "हो का" म्हणते, आणि आतून जळते. तुझ्यापुढे आता काय लपवायचं? मी तिच्यावर पंधरा वर्षं जळते आहे.

लेकीचं पहिलं बाळंतपण आई करते. ही रीत मी लावलेली नाही, तुझ्या तोंडूनच ऐकलेली आहे. माझ्या वेळी तुझं तिकीट काढलेलं होतं आणि बाबांचं बायपास निघालं. तू आली नाहीस, यात तुझा दोष नव्हता हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. जानेवारी महिना, विनिपेग, आम्ही तेव्हा एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. खिडकी छताजवळ, तीही बर्फानं अर्धी बुजलेली. तुझा जावई सकाळी सातला निघायचा. आणि रोज तुझा फोन. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, कानाला रुमाल, पायात मोजे, गार पाण्यात हात घालायचा नाही. मी सगळं पाळलं. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं, स्ट्रोलर घेऊन निदान मॉलमध्ये तरी ये. मी म्हटलं, आईनं नाही सांगितलंय. बत्तीस वर्षांची घोडी, साता समुद्रापलीकडे, कानाला रुमाल बांधून बेसमेंटमध्ये बसलेली. शेक घेतलास का, शेपा खाल्ल्यास का, दूध पुरतं का, एवढं तू रोज विचारायचीस. माझं मन कसं आहे हे मात्र तू कधी विचारलं नाहीस.

दोन वर्षांनी धाकट्याकडे बाळ व्हायचं होतं. तुझ्या सुनेच्या आईला व्हिसा मिळाला नाही, बाबा तोवर खडखडीत बरे झालेले, आणि तू आलीस. डिंक, खारीक, अळीव, सगळी बॅग तिच्यासाठी भरून. माझ्याकडे आलीस ती अगदी शेवटी, तीन आठवडे, ऑक्टोबरमध्ये. मी काय केलं आठवतं? तुला कशाला हात लावू दिला नाही. तू दमली असशील, तू बस, टीव्ही बघ. तू बिचारी सोफ्यावर बसून माझी पाठ बघत राहिलीस आणि मला वाटलं, मी तुझी केवढी सेवा करतेय.

तर त्या लाँग वीकेंडला तुझी सून म्हणाली, "ताई, समोरच्या पार्कात तुमचा तो गेम आहे. चला ना, मलापण थोडं येतं." मी मनात म्हटलं, बघू काय येतं ते. कोर्स खरोखर देखणा आहे, आई. उंच मेपल, मधून एक ओढा, पाट्यांवर नकाशे नीट काढलेले. मी पहिली फेक टाकली, बरी गेली. मग ती उभी राहिली. पाय रुंद ठेवले, कोपर अंगाशी घेतलं आणि मनगट शेवटच्या क्षणी उघडलं. चकती जमिनीला समांतर, कुठेही न डगमगता, बास्केटच्या अलीकडे चार पावलांवर उतरली.

ते मनगट मी ओळखलं. आमच्या लहानपणी तू ओट्याशी उभी राहून पोळ्या करायचीस आणि तव्यावरची पोळी थेट आमच्या ताटात भिरकवायचीस. आम्ही पाटावर, तू चार हात लांब, आणि एकदाही पोळी जमिनीवर पडली नाही. शाळेत तू थाळीफेकीत तालुक्यात पहिली आली होतीस, त्याचं सर्टिफिकेट गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली होतं. मी दहा वर्षांची असताना ते सापडलं आणि मी तुझ्या मागे लागले की मला शिकव. तू म्हणालीस, "आता कुठे ते, हात राहिले नाहीत." मग मी आपली आपण परसात स्टीलचं ताट फेकून बघितलं, ते धुण्याच्या दगडावर आपटून चेपलं, आणि तू मला बोललीस. ज्यात जेवतो ते फेकायचं नसतं, म्हणालीस. चेपलेलं ते ताट पुढे वर्षभर मलाच वाढत होतीस.

मी तुझ्या सुनेला विचारलं, कुठे शिकलीस गं हे? उत्तर मला माहीत होतं. "आईंनी शिकवलं," ती म्हणाली.

मग चालता चालता तिनं सांगितलं. बाळ तीन आठवड्यांचं असताना तिला सारखं भरून यायचं. नळ सोडून वॉशरूममध्ये रडायची. बाळाकडे बघितलं की भीती वाटायची. नाव काय त्याला, ते तिनं नंतर गूगल केलं, तेव्हा तिला फक्त वाटायचं की आपण वाईट आई आहोत. एकदा तू तिचं डोकं चोळत होतीस आणि विचारलंस, रडू येतं का गं? ती हो म्हणाली आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गॅस बंद केलास, बाळ धाकट्याच्या हातात दिलंस, आणि तिला घेऊन रस्ता ओलांडून या पार्कात आलीस. बाविसावा दिवस. तिच्या कानाला रुमालही नव्हता. झुडपात कुणाची तरी हरवलेली पिवळी चकती तुम्हाला सापडली. तिच्यावर मालकानं फोन नंबर लिहिलेला होता, म्हणून तू धाकट्याला फोन करायला लावलास. तो माणूस म्हणाला, ठेवून घ्या. मग रोज दुपारी तासभर तू तिला फेकायला शिकवायचीस. साडी खोचून, पायात धाकट्याचे बूट.

"ताई, मी आईंना म्हटलं, सव्वा महिना व्हायचाय अजून," ती म्हणाली. "तर त्या म्हणाल्या, माझ्या लेकीला मी फोनवरून घरात बसवलं. तिनं ऐकलं. माझं चुकलं, तुला नाही बसवणार."

आम्ही तेव्हा ओढ्यापाशी होतो. मी चकती फेकली ती सरळ पाण्यात. ती धावत जाऊन काठीनं काढायला लागली, तर मी म्हटलं राहू दे. मग तिनं पिशवीतून ती पिवळी चकती काढली, मालकाचा नंबर आता पुसट झालाय, आणि म्हणाली, "ही तुम्ही घ्या ताई, तुमच्याकडे असायला हवी." मी म्हटलं, नको, माझ्याकडे पुष्कळ आहेत. तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. इतकी मी वाईट आहे.

पुढच्या दहा बास्केट मी कशा खेळले मला आठवत नाही. डोक्यात एकच. थाळी मी मागितली होती, मिळाली तिला. बाळंतपण माझं पहिलं होतं, केलंस तिचं. माझ्यावर चुकलीस आणि सुधारलीस तिच्यावर. आणि आता वर हेही, की माझं चुकलं हे शब्दसुद्धा तू तिच्यापाशी बोललीस. माझ्यासमोर सोफ्यावर तीन आठवडे बसली होतीस ना गं?

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत बसून मी शेरा लिहिला. पाट्या दिशाभूल करणाऱ्या. ओढा धोकादायक. बास्केट कलत्या. नवख्यांनी जाऊ नये. दीड स्टार. दुसऱ्या दिवशी तिथल्याच कुणीतरी खाली विचारलं की बाई, आपण एकाच कोर्सबद्दल बोलतोय ना? एवढं सौजन्यानं विचारलं होतं की मला जास्तच लागलं. विनिपेगला परतल्यावर आठवडाभर मी ते वाक्य रोज उघडून बघत होते. शेवटी शेरा काढला आणि चार स्टारांचा नवा लिहिला, पाट्या चांगल्या आहेत, ओढ्यापाशी जपून फेका. खरं तर साडेचार द्यायला हवे होते. अर्धा माझ्यानं सुटला नाही.

हे पत्र तुला पोचायची सोय नाही आणि धाकट्याला दाखवायची माझी तयारी नाही. त्यामुळे एक गोष्ट सांगून टाकते. वर मी लिहिलंय की माझं मन कसं आहे हे तू कधी विचारलं नाहीस. ते खोटं आहे. बाबांना हॉस्पिटलातून घरी आणलंस त्या दिवशी तुझा फोन आला होता. शेक, शेपा, दूध विचारून झालं आणि तू गप्प झालीस. मला वाटलं लाइन तुटली. मग हळूच म्हणालीस, "रडू येतं का गं?" मी त्या क्षणी फरशीवर बसलेले होते, तुझा फोन येण्याआधी तासभर रडत होते, रुमाल त्यानंच ओला झाला होता. बाबांच्या खोकल्याचा आवाज मागे येत होता. मी म्हटलं, "छे गं, मजेत आहे." तू पुन्हा विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या सुनेला तर नाहीच.