तिसऱ्या खांबावरचा आकडा

४ फेब्रुवारी

क्वार्टर मिळालं, तेही नदीकडच्या बाजूचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून अणुवीज केंद्राचे दोन थोराड मनोरे. वरून पांढरी वाफ निघत असते आणि खालून नदी मुकाट्याने वाहते. बाबांना घर एकदम पसंत. त्यांनी आल्या आल्या सगळे नळ सोडून पाहिले. पाणी कोमट आलं, तर म्हणाले की या गावात गीझरवाला उपाशी मरणार. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी दाराची कडी, पंख्याचं बटण आणि माझा जुना गजर असं सगळं ठीकठाक केलं.

माझं काम सोपं आहे. नदीत तीन खांब आहेत. पहिला केंद्राच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी आत घेतात. दुसरा, जिथे यंत्रं थंड करून झाल्यावर तेच पाणी परत सोडतात. तिसरा एक किलोमीटर खाली, वळणावर. सकाळी सातला आणि दुपारी तीनला तिन्हीकडचं तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिसऱ्या खांबावर तेहतीस अंशांच्या वर गेलं तर कळवायचं, मग केंद्राने वीज कमी करायची. नाहीतर मासे मरतात.

मागच्या ऑफिसात आकडे जुळवून लिहायला मी नाही म्हटलं, म्हणून ही बदली. मला त्याचं काडीचंही दुःख नाही. बाबा म्हणतात, यम दारात आला तरी ही पोरगी आधी त्याचा ताप बघेल.

सामान उचलून माझी बोटं आखडली होती. बाबांनी दोन्ही हात आपल्या मुठीत धरून गरम करून दिले. लहानपणी शाळेत जाताना करायचे तसेच. त्यांचे हात म्हणजे शेगडी आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि मला ते फार आवडलं.

६ फेब्रुवारी

आज माझ्या आधीच्या नोंद-कारकुनांकडून चार्ज घेतला. सगळी कॉलनी त्यांना ‘स्वेटर’ म्हणते. नऊ वर्षं इथे होते. बाहेर ऊन रणरणतंय आणि या गृहस्थांच्या अंगात दोन स्वेटर, वर मफलर. हात खिशातून काढायला तयार नाहीत. पेन देताना बोटं लागली. फ्रीजमधून आत्ताच काढल्यासारखी होती.

वही चाळली आणि माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खांबाचा आकडा कित्येक वर्षं एकच, २९.४. सकाळी तोच, दुपारी तोच, उन्हाळ्यात तोच, पावसाळ्यात तोच. नदी आहे की भिंतीवरचं बंद घड्याळ? मी तसं विचारलं. ते म्हणाले की तिसऱ्या खांबावर जायचं नसतं, तो आकडा इथे टेबलावर बसूनच लिहायचा असतो. मी म्हटलं, मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही. त्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, ऐकून आहे. मग बॅग उचलून निघून गेले. माणूस इतक्या हलक्या पावलांनी नोकरी सोडताना मी पाहिला नव्हता.

७ फेब्रुवारी

नाववाल्याला घेऊन गेले. हा माणूस कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून बसतो. पहिला खांब २१.३. दुसरा २८.६. तिसऱ्यावरची थर्मामीटर सोडायची नळी मोडलेली आहे, त्यामुळे थर्मामीटर हाताने पाण्यात धरावा लागतो, कोपरापर्यंत हात बुडवून, तीन मिनिटं. नाववाल्याला म्हटलं, जरा धर. त्याने वल्ही घट्ट पकडली आणि सांगितलं की वल्हवणं त्याचं काम, मोजणं माझं.

३७.० आला.

दुसऱ्यांदा मोजला. ३७.०. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिथेच काखेत धरला. ३६.८, म्हणजे यंत्र ठणठणीत. पाणी सुखद होतं खरं. हात बाहेर काढावासा वाटेना.

वहीत लिहिलं, सही केली, वर कळवलं.

९ फेब्रुवारी

शिफ्टच्या साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या खांबावर अठ्ठावीस असताना खाली जाऊन पाणी तापेलच कसं, मध्ये काय चूल पेटवलीय? प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर शोधणं त्यांचं काम, माझं काम आकडा लिहिणं. मी तेच सांगितलं. त्यांचं तोंड कडू झालं.

तपासणीसाठी एक यंत्र बंद केलं आहे आणि एका पाळीला घरी बसवलं आहे. त्यामुळे कॉलनी मला पाण्यात पाहते. शेजारीण काल गप्पा मारत होती, आज माझी चाहूल लागताच दार लावून घेतलं. दुकानदार माझ्या मागच्या तिघांना सामान देतो, मग मला विचारतो. आमच्या दारावर खडूने ३७ लिहिलं होतं. बाबांनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, निदान आकडा तरी अचूक लिहिलाय.

थंडी वाजते. नदीकाठची हवा असेल.

११ फेब्रुवारी

आज दुसरंही यंत्र थांबवलं. मनोऱ्यांवर वाफ नाही. पहिला खांब २१.१, दुसरा २१.१. आता नदीला ऊब द्यायला कुणी उरलेलं नाही.

तिसरा ३७.०.

नावेतून उतरताना पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजलाय. नाववाला काठावर उभा राहून पाहत होता. हात द्यायला पुढे आला नाही. दिवसभर दोन चादरी घेऊन पडले आहे, तरी दात वाजतात.

१३ फेब्रुवारी

कालची नोंद चुकली. माझ्या नोकरीतली पहिली. बाबांना ते पाहवेना. घड्याळाचा केसाएवढा काटा चाळीस वर्षं धरलेला हात आहे, थरथरत नाही, मीच जातो, म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं. मी थर्मामीटर त्यांच्या हातात दिला आणि तीन मिनिटं मोजायची कशी ते समजावलं. त्यांना, मिनिटं कशी मोजायची ते.

खुशीत परत आले. ३७.१. म्हणे तिथलं पाणी असं आहे, की कुणीतरी हातात हात घेतल्यासारखं वाटतं.

मला आज बरीच तरतरी आहे. विश्रांती लागू पडली.

१६ फेब्रुवारी

घोटा बरा, थंडी पळाली, चादरीसुद्धा नकोत. उद्यापासून मीच जाते म्हटलं, तर बाबा चक्क रुसले. मला एवढं एकच काम आहे, तेही काढून घेतेस का, म्हणाले. जाऊ दे म्हटलं. रिकामा बसलेला माणूस लवकर म्हातारा होतो.

त्यांची नखं निळसर दिसली. शर्टावर माझी शाल घेऊन फिरतात.

१७ फेब्रुवारी

आज चहा देताना हात लागला.

बाबांचे हात गार आहेत. आयुष्यात कधी नव्हते. मी ते माझ्या मुठीत धरले, चोळले, अर्धा तास धरून बसले. गरम होईनात. ते हसले. म्हणाले, तिथे गेलं की बरं वाटतं, खांबापाशी.

मला भीती वाटते आहे.

१८ फेब्रुवारी

कॉलनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तीन थर्मामीटर बदलले. ३०.८. अंग एवढं गार असताना माणूस बसून बोलत नाही, म्हणाल्या. बाबा तेव्हा त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे असल्याचं सांगत होते.

त्यांना बाहेर बसवून बाईंनी कपाटातून एक कार्ड काढलं. स्वेटरचं. पहिल्या वर्षी आकडे घसरत गेलेले, ३५, ३३, ३१. मग त्याने तिसऱ्या खांबावर जाणं सोडलं आणि आकडा तिथेच थांबला. २९.४. आठ वर्षं तोच.

म्हणजे वहीतला आकडा खोटा नव्हता. नदीचा नव्हता एवढंच. त्यालाही खोटं लिहवलं नाही, म्हणून त्याने स्वतःचं अंग मोजून लिहिलं.

कार्डावरची त्यापुढची ओळ ७ फेब्रुवारीची होती, त्याने फोनवरून कळवलेली. ३१.०. बाई म्हणाल्या, रोज चढतोय, परवा स्वेटर काढला म्हणून सांगत होता. ७ फेब्रुवारीला मी पहिल्यांदा हात बुडवला होता.

थर्मामीटर धरणारा बदलला, की पाण्यातलं ते आधीच्याला सोडतं आणि नव्याला धरतं. मी धरला, तो सुटला. बाबांनी धरला, मी सुटले. म्हणून मला तरतरी आली होती. म्हणून.

बाईंनी मान खाली घालून आणखी एक सांगितलं. स्वेटर तीन वर्षं वर अर्ज करत होता, की माझ्या जागी पाहिल्याशिवाय न लिहिणारा माणूस द्या. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मला इथे शिक्षा म्हणून पाठवलेलं नाही. निवडून पाठवलंय.

१९ फेब्रुवारी

सकाळी मीच थर्मामीटर घेऊन निघाले. बाबांना घरात कोंडून.

वळणाकडच्या फाटकाला कुलूप. नाव काठावर उपडी. शिफ्टचे साहेब चार माणसं घेऊन उभे होते. म्हणाले, तिसऱ्या खांबाची नोंद आजपासून बंद, केंद्र उद्या सुरू होतंय. मी म्हटलं, मला आकडा नको, मला फक्त एकदा हात बुडवू द्या, माझा बाप मरतोय. मी तारेवर चढले तर दोघांनी दंड धरून खाली ओढलं. नाववाला हातमोज्यांकडे पाहत होता. ओरडले, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्यांचे हात खिशात होते.

झटापटीत थर्मामीटर हातून निसटला, तो त्यांनी ठेवून घेतला. दुसरा घरी आहे.

बाबा २८.२.

२० फेब्रुवारी

२६.५. बोलतात, पण मध्येच थांबतात, किल्ली संपल्यासारखे.

गाडीवाल्याला बोलावलं, इथून घेऊन जाते म्हणून. गाडीवाला आला नाही. पुन्हा फोन केला. उचलला नाही.

रजई, शेगडी, गरम पाण्याची पिशवी. काही उपयोग नाही. ते एकच म्हणतात, खांबापाशी ने —

२१ फेब्रुवारी, सकाळ

बाबा अंथरुणात नाहीत. न्हाणीघरात नळ चालू.

हा नळ. पहिल्या दिवसापासून कोमट. केंद्र बंद होतं तेव्हाही कोमट. कॉलनीचं पाणी वळणावरूनच येतं, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही —

बादली काठोकाठ. बाबा शेजारी बसलेत, हात कोपरापर्यंत आत, मुठीत दुसरा थर्मामीटर. तीन मिनिटं मोजतायत. म्हणाले, पाहा, इथेही तोच आकडा येतो. शाबासकी हवी असल्यासारखे पाहत होते.

पाणी ३७.०. बाबा २२.४.

ओढलं. हात निघत नाही. बादली कलंडवली, पाणी सांडत नाही. बाहेर डोकावून हाका मारल्या. शेजारणीच्या खिडकीचा पडदा हलला, पुन्हा सारखा झाला.

आता कळलं काय करायचं ते.

वही मांडीवर. पेन डाव्या हातात. अक्षर वाकडं येईल, आकडे खरे येतील.

त्यांच्या मुठीतून थर्मामीटर काढून घेतला. माझ्या उजव्या हातात. आत. कोपरापर्यंत.

बाबांचा हात सुटला.

दवाखान्यातून आणलेलं छोटं यंत्र आहे, कपाळाला लावायचं. आळीपाळीने लावते —

बाबा २२.९. मी ३६.१.

बाबा २४.० मी ३४.७

बाबा विचारतायत, मी इथे का बसलो आहे. सांगितलं, नळ गळत होता. म्हणाले, पाना आण, बघतो. नका हात लावू म्हटलं. पाण्याला नका. थर्मामीटरला तर अजिबात —

त्यांची नखं गुलाबी होतायत

बाबा २८.८ मी ३१.०

पाणी छान आहे. खरंच हातात हात —

बाबांना म्हटलं बाहेर जा. फाटक, रस्ता, थांबू नका, मागे येऊ नका. ऐकत नाहीत. तुझे हात किती गार पडलेत, म्हणतायत. दे इकडे, मुठीत धरतो, म्हणतायत. नको बाबा. उजवा नको

बाबा ३३.५ मी २६

ते वाकतायत. बाबा, हात आत घालू नका, मी आकडा लिहि

बाबा ३५.२ मी २